घारापुरीचा जलमार्ग
मुंबईचे अपोलो बंदर व घारापुरी बेट यांमधील प्रवासी जलमार्ग. लांबी सु. १० किमी. बेट मुंबई बंदराच्या परिसरात असले, तरी प्रशासकीय दृष्ट्या ते रायगड जिल्ह्याच्या उरण तालुक्यात मोडते. लाँचने साधारणतः एक तासात तेथे पोहोचता येते. मुंबईकरांच्या एकदिवसीय सहलीचे हे जुने ठिकाण होय. परंतु या मार्गाचा इतिहास केवळ सहलीचा नाही. बेटावर वस्ती असून तिचे सर्व दळणवळण पाण्यावरूनच चालते.

राजबंदर, शेतबंदर व मोराबंदर या बेटावरील तिन्ही गावांच्या नावांत ‘बंदर’ हा शब्द आहे. सहाव्या शतकाच्या सुमारास येथे भव्य शैव लेणी खोदली गेली, त्या काळीही माणसे व साहित्य होड्यांनीच आले असले पाहिजे. १५३४ मध्ये हा प्रदेश पोर्तुगीजांच्या ताब्यात गेला. उतरण्याच्या जागेजवळ असलेल्या प्रचंड दगडी हत्तीवरून त्यांनी बेटास ‘एलेफंटा’ म्हटले. हे नाव समुद्रावरून येणाऱ्याने दिलेले आहे. लेण्यांतील शिवाशी त्याचा काहीही संबंध नाही. स्थानिक लोकांच्या तोंडी घारापुरी हेच नाव राहिले. १८१४ मध्ये त्या हत्तीचे शीर व मान कोसळली. १८६४ मध्ये त्याचे अवशेष मुंबईच्या व्हिक्टोरिया उद्यानात (आताची राणीची बाग) आणले गेले व १९१४ मध्ये ते पुन्हा जुळविण्यात आले. ज्याने बेटाला परके नाव दिले, तो हत्ती अशा रीतीने स्वतःच खाडी ओलांडून मुंबईस आला.

इंग्रजी अमलात मुंबईस येणारा जिज्ञासू प्रवासी घारापुरीस गेल्यावाचून सहसा राहत नसे. कार्स्टेन नीबूर याने १७६४ मध्ये लेण्यांची मोजमापे व रेखाटने केली. बिशप हेबर १८२५ मध्ये येऊन गेला. त्या काळी प्रवास शिडाच्या होडीने होई. वारा व भरती-ओहोटी यांवर सारे अवलंबून असल्याने परतीची वेळ निश्चित सांगता येत नसे. १८७५ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स याच्या सन्मानार्थ मुख्य लेण्यातच मेजवानी देण्यात आली. पुढे यांत्रिक लाँच आल्या आणि सकाळी जाऊन सायंकाळी परतणे सर्वसामान्यांनाही शक्य झाले. बेटाचा किनारा उथळ व चिखलाचा असल्यामुळे ओहोटीच्या वेळी नाव काठास लागत नाही. म्हणून धक्का दूरवर पाण्यात नेलेला आहे. धक्क्यावरून पायथ्यापर्यंत छोटी आगगाडी धावते. तेथून पायऱ्या चढाव्या लागतात. वृद्धांसाठी डोली मिळते. महाशिवरात्रीस मात्र पर्यटकांबरोबर भाविकांचीही गर्दी होते.

१९८७ मध्ये लेण्यांचा जागतिक वारसास्थळांत समावेश झाला. पर्यटकांना बेटावर मुक्काम करता येत नाही. सोमवारी लेणी बंद असतात. सायंकाळची शेवटची लाँच गेली, की बेट केवळ रहिवाशांचे उरते. रुग्ण हलविणे, पुढील शिक्षण, बाजारहाट या सर्वांसाठी त्यांना मुंबई किंवा उरणचा किनारा गाठावा लागतो. समोर मुंबईचे दिवे दिसत असताना येथे अनेक वर्षे सायंकाळचे तीन-साडेतीन तासच जनरेटरची वीज मिळे. समुद्रतळावरून सु. ७·५ किमी. लांबीची केबल टाकून फेब्रुवारी २०१८ मध्ये गावांना कायमची वीज मिळाली. स्वातंत्र्यानंतर यास सत्तर वर्षे लागली, यातच पर्यटकांचे बेट व रहिवाशांचे बेट यांतील अंतर स्पष्ट होते.

१८ डिसेंबर २०२४ रोजी इंजिनाची चाचणी चालू असलेली नौदलाची एक वेगवान बोट ताबा सुटून घारापुरीकडे निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर आदळली. बोटीवर शंभराहून अधिक माणसे होती. या दुर्घटनेत दोन्ही बोटींवरील मिळून १५ जण मृत्यू पावले. त्यानंतर प्रवाशांना जीवरक्षक जाकीट घालणे सक्तीचे करण्यात आले. अपोलो बंदरावर एकीला एक लावून उभ्या केलेल्या लाँचवरून पाय टाकत आपल्या लाँचवर जाण्याची जुनी रीत गर्दीच्या दिवशी धोक्याची ठरते. ही गर्दी कमी करण्यासाठी रेडिओ क्लबजवळ नवीन धक्क्याची योजना आखण्यात आली. कुलाब्यातील रहिवाशांनी तीस हरकत घेतली. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये काही अटींवर तिला संमती दिली.