वयाचा शिक्का आणि समीक्षकाचे तारे

प्रेक्षकाला चित्रपट निवडायला दोन यंत्रणा मदत करतात. प्रमाणन मंडळ सांगते, कोणी पाहावा. समीक्षक सांगतो, का पाहावा. पहिल्याला कायद्याचे बळ आहे, दुसऱ्याला फक्त वाचकाच्या विश्वासाचे. दोघांचे प्रश्न वेगळे असल्याने एकाचे उत्तर दुसऱ्याच्या नावावर खपवू नये. ‘ए’ (फक्त प्रौढांसाठी) म्हणजे वाईट चित्रपट नव्हे आणि ‘यू’ (सर्वांसाठी) म्हणजे मुलांना आवडेल अशी हमीही नव्हे.

मंडळाचा पाया १९५२चा चलच्चित्र कायदा. चित्रपट मनावर इतर कलांपेक्षा खोल परिणाम करतो, म्हणून त्याची पूर्वतपासणी योग्य ठरते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७०मध्ये दिग्दर्शक के. ए. अब्बास यांच्या खटल्यात मान्य केले. १९८३मध्ये मंडळाच्या नावातला ‘सेन्सॉर’ गेला आणि ‘यूए’ हा मधला वर्ग आला. बारा वर्षांखालच्या सगळ्यांना त्याने एकाच पंगतीला बसवले. ही ढोबळ विभागणी मोडायला चाळीस वर्षे लागली. २०२३च्या दुरुस्तीने ‘यूए’चे ७+, १३+ आणि १६+ असे तीन भाग झाले. मात्र या आकड्यांवरून मुलाला दारात अडवण्याचा अधिकार चित्रपटगृहाला नाही; ते पालकांनीच ठरवायचे. वयावरून प्रवेशबंदी फक्त ‘ए’ला.

खरी उणीव आकड्यांत नाही. पडद्यावर झळकणारे प्रमाणपत्र नीट पाहा. त्यावर नाव, भाषा, लांबी आणि तपासणी समितीच्या सदस्यांची नावे असतात. काटछाट झाली असेल तर खाली डाव्या कोपऱ्यात एक त्रिकोणही असतो. (तो किती जणांना दिसतो, देव जाणे.) पण हा वर्ग का दिला, हे त्यावर नसते. उदाहरणार्थ, दिग्दर्शक रवी जाधव यांच्या ‘न्यूड’ या चित्रपटाला २०१८मध्ये एकही काट न देता ‘ए’ मिळाले. आदल्याच वर्षी गोव्याच्या इफ्फी या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवातल्या इंडियन पॅनोरमा विभागातून तो वगळला गेला होता. चित्रकलेच्या विद्यार्थ्यांसमोर मॉडेल म्हणून बसणाऱ्या बाईची ही गोष्ट आणि रक्ताचे पाट वाहणारा मारधाडपट, दोघांवर शिक्का एकच. सोळा-सतरा वर्षांच्या मुलांच्या पालकांना या एका अक्षरातून काय कळणार?

ही पोकळी समीक्षकाने भरायची. पण शुक्रवारच्या परीक्षणात वाचक आधी तारे मोजतो आणि बऱ्याचदा तिथेच थांबतो. साडेतीन तारे अभिनयाला की कथेला, हे ताऱ्यांतून कळत नाही. ‘रॉटन टोमॅटोज’ या परीक्षणे एकत्र करणाऱ्या संकेतस्थळाची टक्केवारी तर आणखी फसवी. ती चित्रपटाला मिळालेले गुण नसून अनुकूल परीक्षणांचे प्रमाण आहे. शंभरच्या शंभर समीक्षकांनी ‘बरा आहे’ म्हटले तरी आकडा शंभरच येतो! म्हणून मी चांगला समीक्षक त्यालाच म्हणेन, ज्याच्याशी असहमत असूनही आपल्याला चित्रपट आवडेल की नाही याचा अंदाज बांधता येतो.

मंडळालाही वर्गाचे कारण सांगणे अवघड नाही. ब्रिटनचे मंडळ वर्गाबरोबर आशयाचा इशाराही थोडक्यात देते. आपल्याकडेही २०२१च्या नियमांनी ओटीटीला वयोगटासोबत आशयाचा इशारा देणे बंधनकारक केले आहे. म्हणजे मोबाइलवर जी माहिती फुकट मिळते, ती तिकीट काढून चित्रपटगृहात मिळत नाही. मंडळाने प्रमाणपत्रावर आणि तिकीटविक्रीच्या पानावर वर्गाखाली एक ओळ कारणाची छापावी. त्यासाठी नव्या समितीची गरज नाही.