शिल्पकार वि. पां. करमरकर : स्मारकशिल्प आणि सामान्य माणूस

प्रस्तावना

महाराष्ट्रातील आधुनिक शिल्पकलेचा इतिहास प्रामुख्याने सार्वजनिक पुतळ्यांच्या आधारे मांडला जातो. शिल्पकाराने कोणाच्याही मागणीविना घडविलेल्या कृतींकडे मात्र दुर्लक्ष होते. विनायक पांडुरंग तथा नानासाहेब करमरकर (१८९१–१९६७) यांच्या कार्याचा प्रस्तुत लेखात या दृष्टीने विचार केला आहे.

जडणघडण

करमरकरांचा जन्म तत्कालीन कुलाबा जिल्ह्यातील सासवणे या समुद्रकाठच्या गावी झाला. गावच्या मंदिराच्या भिंतीवर त्यांनी काढलेले शिवाजी महाराजांचे चित्र कलेक्टर ऑटो रॉथफील्ड यांच्या पाहण्यात आले. त्यांच्या साहाय्याने करमरकरांना मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत प्रवेश मिळाला. पुढे त्यांनी कोलकात्यात व्यवसाय केला आणि लंडनमध्येही शिक्षण घेतले.

स्मारकशिल्प

पुण्यातील शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा ही त्यांची सर्वाधिक परिचित कृती होय. छत्रपती शाहू महाराजांच्या पुढाकारातून योजलेल्या या स्मारकाची कोनशिला १९२१ साली प्रिन्स ऑफ वेल्स यांच्या हस्ते बसविण्यात आली. १९२८ साली गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांनी पुतळ्याचे अनावरण केले. छत्रपतींचे स्मारक आणि ब्रिटिश राजसत्तेचे प्रतिनिधी यांचे हे साहचर्य तत्कालीन राजकारणाचे द्योतक आहे. ब्राँझचे भव्य ओतकाम खर्चिक असल्याने त्यास आश्रयदाता अपरिहार्य असतो. परिणामी विषय, स्थळ व प्रसंग यांचा निर्णय एकट्या शिल्पकाराच्या हाती राहत नाही.

सासवण्याची शिल्पे

याउलट सासवण्याच्या राहत्या घरातील संग्रहात कोळीण, श्रमिक, परिसरातील माणसे आणि म्हैस, कुत्रा यांसारखे प्राणी आढळतात. यांपैकी कित्येक शिल्पे सिमेंटची आहेत. सिमेंटला ओतशाळा लागत नाही आणि मोठे भांडवलही लागत नाही. अतएव माध्यमाची निवड हा येथे केवळ तांत्रिक मुद्दा ठरत नाही. विषयस्वातंत्र्याचा तो भौतिक आधार होय. पाश्चात्त्य पद्धतीचे यथार्थवादी शिक्षण येथे राजपुरुषांऐवजी किनाऱ्यावरील कष्टकऱ्यांच्या चित्रणासाठी उपयोगात आले.

निष्कर्ष

वसईपासून अलिबागपर्यंतच्या किनारपट्टीवरील कोळी समाजाच्या जीवनाची लिखित साधने तुलनेने मर्यादित आहेत. अशा स्थितीत देहयष्टी, वेशभूषा व श्रमाची ढब नोंदविणारी ही शिल्पे सामाजिक इतिहासाची मौलिक साधने ठरतात. तथापि खाऱ्या हवेत सिमेंटच्या आतील लोखंड गंजते व शिल्पास तडे जातात. सार्वजनिक पुतळ्यांच्या देखभालीसाठी समित्या असतात. घरगुती संग्रहांची शास्त्रीय सूची व छायाचित्रण करण्याचे कार्य मात्र कोकणातील महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी हाती घेणे अगत्याचे आहे.