व्हिस्लर-रस्किन वादाचा करीना

जुन्या निवाड्यांचीं कागदपत्रें हाताळणाऱ्यांस अग्रवादीचा करीना आणि पंचांचा महजर यांत किती अंतर असतें हें सांगावयास नको. महजर गहाळ होऊन एका पक्षाचा करीनाच तेवढा शिल्लक राहिला, म्हणजे पुढील पिढ्या त्यालाच निवाडा समजूं लागतात. ‘कलेसाठीं कला’ या मताच्या इतिहासांत लंडन येथील जो खटला वारंवार सांगितला जातो, त्याची अवस्था कांहींशी अशीच झाली आहे. म्हणून त्याचा विचार येथें योजिला आहे.

वादी जेम्स मॅक्नील व्हिस्लर हा इ. स. १८३४ त अमेरिकेंतील लोवेल येथें जन्मला. वेस्ट पॉइंटच्या लष्करी विद्यालयांतून तो १८५४ त काढला गेला. पुढें किनारामोजणीच्या खात्यांत नकाशे कोरतां कोरतां ताम्रपटावरील कोरकाम शिकला, आणि पॅरिसमार्गें १८५९ त लंडनास येऊन राहिला. स्वभाव विलक्षण भांडखोर. लेलंड नांवाच्या धनिकाचें भोजनगृह रंगवून त्यानें दोन हजार गिनी मागितल्या. लेलंडनें निम्मीच रक्कम दिली, तीहि गिनींऐवजीं पौंडांत मोजून. तेव्हां या गृहस्थानें त्याच दालनाच्या भिंतीवर झुंजणारे दोन मोर रंगविले व एकाच्या पायाशीं नाणीं विखुरलेलीं दाखविलीं! धनको-ऋणकोंचा असा दस्तऐवज आमच्या पाहण्यांत दुसरा नाहीं.

प्रतिवादी जॉन रस्किन. गांधीजींनीं १९०८ त ज्याच्या ग्रंथाचा सारांश ‘सर्वोदय’ या नांवानें गुजरातींत दिला तोच हा. १८७७ त ग्रोव्हनर गॅलरींत व्हिस्लरचें ‘नॉक्टर्न इन ब्लॅक अँड गोल्ड : द फॉलिंग रॉकेट’ हें चित्र मांडलें होतें. थेम्सकांठच्या क्रेमोर्न बागेंतील दारूकामाचें तें रात्रीचें दृश्य असून किंमत २०० गिनी होती. हा मनुष्य लोकांच्या तोंडावर रंग फेंकतो आणि वर त्याचे पैसे मागतो, अशा आशयाची टीका रस्किननें ‘फॉर्स क्लॅव्हिजेरा’ या आपल्या पत्रमालेंत केली. व्हिस्लरनें अब्रुनुकसानीबद्दल हजार पौंडांची फिर्याद लाविली.

ती १८७८ च्या नोव्हेंबरच्या २५ व २६ तारखांस न्यायमूर्ति हडलस्टन यांजपुढें चालली. रस्किन प्रकृतीमुळें हजर नव्हता. त्याच्यातर्फें बर्न-जोन्स, फ्रिथ व टॉम टेलर यांच्या, तर व्हिस्लरतर्फें अल्बर्ट मूर, विल्यम रोझेटी व विल्स यांच्या साक्षी झाल्या. ज्यूरीनें निकाल व्हिस्लरच्या बाजूनें दिला. नुकसानभरपाई मात्र एक फार्दिंग, म्हणजे पाव पेनी, आणि खर्च ज्याचा त्यानें सोसावा. आपल्या जुन्या रिवाजांत जिंकणारा हरकी देई व हरणारा गुन्हेगारी; येथें जिंकणाऱ्यावरच दोन्ही बसल्या म्हणावयाच्या. मित्रांनीं वर्गणी करून रस्किनचा खर्च भागविला. व्हिस्लरचें आधींच तुंबलेलें कर्ज वाढलें आणि १८७९ च्या मे महिन्यांत त्याचें दिवाळें निघालें.

आतां साधनांचा प्रश्न. या खटल्याचें न्यायालयाचें शब्दशः टिपण उपलब्ध नाहीं. त्या वेळच्या वृत्तपत्रांनीं आपापल्या परीनें दिलेले, परस्परांशीं शब्दशः न जुळणारे वृत्तान्त तेवढे आहेत. लोकांच्या तोंडीं जें बसलें तें त्यांतलें नव्हे. व्हिस्लरनें १८९० त ‘द जेंटल आर्ट ऑफ मेकिंग एनिमीज’ हें पुस्तक छापविलें, त्यांत खटल्याची हकीकत स्वतः निवडून, नेटकी करून घातली. समासांत रस्किनच्याच ग्रंथांतील वाक्यें त्याच्याविरुद्ध योजिलीं व आपलें फुलपाखराचें चिन्ह मुद्रेसारखें ठिकठिकाणीं उमटविलें. हा अग्रवादीचा करीना. तो इतका सुरेख वठला कीं, महजराची कोणास आठवणच राहिली नाहीं. वृत्तपत्रें एकत्र ताडून साक्षींची पुनर्रचना करण्याचें काम लिंडा मेरिल यांनीं केलें, तें १९९२ त प्रसिद्ध झालें.

त्या दृष्टीनें पाहतां प्रसिद्ध उत्तराचा अर्थ निराळा लागतो. दोन दिवसांच्या श्रमाचे २०० गिनी काय, असें सरकारी वकील होल्कर यांनीं विचारतां, ही किंमत जन्मभर मिळविलेल्या ज्ञानाची आहे, असें व्हिस्लर म्हणाला. या उत्तरावर कलावाद्यांनीं आजवर किती टाळ्या वाजविल्या असतील! परंतु यांत ‘कलेसाठीं कला’ कोठें आहे? हा युक्तिवाद कारागिराच्या मजुरीचा आहे; तो खुद्द रस्किनच्या गोटांतहि शोभला असता. उलट, तयार नसलेला माल पूर्ण दामानें विकणें ही गिऱ्हाइकाची फसवणूक, ही रस्किनची तक्रारहि मुळांत नीतीची होती, केवळ अरसिकतेची नव्हे. तिची भाषा मात्र असभ्य होती, हें आम्ही नाकारीत नाहीं.

ज्यास मत म्हणतां येईल तें व्हिस्लरच्या साक्षींत एके ठिकाणींच स्पष्ट दिसतें : हें चित्र बागेचा देखावा नसून रंगांची मांडणी आहे, असें त्यानें सांगितलें तेथें. तें मतहि त्याचें स्वतःचें नव्हे. फ्रान्सांत गोतिएनें १८३५ त ‘मादम्वाझेल द मोपँ’च्या प्रस्तावनेंत, इंग्लंडांत स्विनबर्ननें १८६८ त ब्लेकवरील ग्रंथांत तें मांडलें होतें. व्हिस्लरनें त्याचा विस्तार केला तो न्यायालयाबाहेर, १८८५ च्या ‘टेन ओक्लॉक’ व्याख्यानांत. फडके-खांडेकरांच्या वादामुळें हें मत मराठी वाचकांच्या परिचयाचें झालें. त्याचा जन्म या खटल्यांत झाला असें जें लिहिलें जातें, त्यास आधार नाहीं.

तें चित्र १८९२ त ८०० गिनींस विकलें गेलें. आज तें डेट्रॉइटच्या संग्रहालयांत आहे. पूर्ण झालेलें चित्र कसें असतें हें ज्यूरीस कळावें म्हणून रस्किनच्या पक्षानें त्याच्या संग्रहांतील, व्हेनिसचा अधिपति आंद्रेआ ग्रित्ती याचें टिशियनकृत म्हणून मानलेलें चित्र न्यायालयांत आणविलें होतें. तें आतां लंडनच्या नॅशनल गॅलरींत असून कातेना या दुसऱ्याच चित्रकाराच्या नांवावर नोंदलेलें आहे.