हायब्रीड ज्वारीची कुळी

तापीकाठच्या भारी काळ्या जमिनीत दोन ज्वाऱ्या नांदत आल्या. दादर ही खानदेशची जुनी. पाऊस सरल्यावर पेरायची, जमिनीतल्या ओलाव्यावर आणि थंडीवर वाढायची; तिच्या दाण्याला आणि कडब्याला जळगाव-धुळ्याच्या बाजारात आजही मान. दुसरी खरिपातली, बुटकी, लवकर हाती येणारी आणि भरघोस पिकणारी हायब्रीड. देशातला पहिला ज्वारीचा संकर, सीएसएच 1, प्रसारित झाला 1964 साली. तिची कुळी शोधत गेलं की वाट टेक्साससारख्या दूरच्या मुलखातून जाते आणि शेवटी पानाच्या पेशीत पोचते.

दोन वेगळ्या वाणांचा संकर केला तर पहिल्या पिढीत जोम येतो, हे पैदासकारांना ठाऊक होतं. अडचण ज्वारीच्या फुलाची होती. एकाच इवल्या फुलात पुंकेसरही आणि स्त्रीकेसरही, आणि एका कणसात अशी हजारो फुलं. चिमट्यानं एकेक पुंकेसर काढून प्रयोगापुरतं बी मिळेल. पण शेतकऱ्यांना पोती भरभरून द्यायचं बी असं कोण तयार करणार?

उत्तर मिळालं 1954 साली. टेक्सासमधल्या जे. सी. स्टीफन्स आणि आर. एफ. हॉलंड यांनी मायलो जातीच्या ज्वारीला आई केलं आणि तिच्यावर काफिर जातीचे पराग वापरले. काफिरचे गुण मायलोच्या पेशीत उतरले, तशी निपजलेली झाडं नरवंध्य निघाली. पुंकेसर सुकलेले, बारीक, त्यांत जिवंत पराग नाही. स्त्रीकेसर मात्र धडधाकट. हा दोष फक्त आईकडून येत होता. म्हणजे त्याचं मूळ पेशीच्या केंद्रकात नव्हतं, बाहेरच्या द्रवात होतं. पुढे कळलं की ते तंतुकणिकेत आहे. ऊर्जा तयार करणाऱ्या या कणिकेला स्वतःची वेगळी जनुकं असतात.

भारतात आलेली सीके 60 ए ही अशीच नरवंध्य मादी. तिला आयएस 84 हा नर मिळाला आणि सीएसएच 1 जन्मली. मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांनी महाराष्ट्र अन्नधान्यात स्वयंपूर्ण करण्याचा विडा उचलला होता. त्या मोहिमेत संकरित ज्वारी गावोगाव गेली. खोडमाशीचा त्रास, पावसात सापडलेल्या कणसांवर चढणारी काळी बुरशी आणि भाकरीच्या चवीबद्दलची तक्रार, हे सगळं सोसून ती टिकली, कारण पोत्यांचा हिशेब तिच्या बाजूनं होता.

बीजोत्पादनाच्या प्लॉटमध्ये ही करामत उघड्या डोळ्यांनी दिसते. चार ओळी मादीच्या, दोन नराच्या, भोवती नराच्याच कडेच्या ओळी, आणि दुसऱ्या ज्वारीपासून 200 मीटर अंतर. कणीस टोकाकडून खाली उमलत येतं. सकाळी नराच्या ओळीला धक्का दिला की पिवळी धूळ उडते. मादीचं कणीस तळहातावर झटकलं तर काहीच पडत नाही. मादीच्या ओळीत धूळ उडवणारं एखादं झाड सापडलंच, तर ते भेसळ म्हणून तिथल्या तिथं उपटतात.

खरं कोडं पुढे आहे. या संकराचं बी शेतकरी पेरतो, तेव्हा आईची तीच बिघडलेली तंतुकणिका त्या झाडात असते. तरी कणीस दाण्यांनी भरतं. नराच्या केंद्रकातून आलेलं एक जनुक हा दोष झाकतं, म्हणून अशा नराला पुनर्स्थापक म्हणतात. हे जनुक नेमकं करतं काय, हे कळायला अर्धं शतक गेलं.

पेट्यूनिया या फुलझाडात 2002 साली असं एक जनुक हाती लागलं आणि ज्वारीतलं आरएफ 1 जनुक 2005 साली. दोन्ही एकाच कुळातली प्रथिनं बनवतात: पीपीआर. या कुळाला नाव मिळालं 2000 साली. सुमारे 35 अमिनो आम्लांचा एक तुकडा या प्रथिनात पुन्हा पुन्हा येतो, आणि साधारणपणे एकेक तुकडा आरएनएचं एकेक अक्षर ओळखून धरतो. असं नेमक्या जागी बसलेलं प्रथिन त्या आरएनएचं भवितव्य ठरवतं. तांदळात हे स्पष्ट दिसलं: नरवंध्यत्व आणणाऱ्या घातक प्रथिनाचा निरोप नेणारा आरएनए पुनर्स्थापक प्रथिनाच्या उपस्थितीत तोडला जातो, आणि पराग पुन्हा धरतात.

याच कुळाचं मोठं काम हरितलवकात चालतं. ज्वारीच्या किंवा मक्याच्या हरितलवकात सुमारे 1 लाख 40 हजार अक्षरांचा स्वतःचा डीएनए आहे. पण त्यातून निघालेल्या कच्च्या आरएनएची काटछाट, जोडणी आणि दुरुस्ती करणारी बरीचशी प्रथिनं केंद्रकाकडून येतात. एका लहानशा तणात, अरॅबिडॉप्सिसमध्ये, अशी सुमारे 450 पीपीआर जनुकं आहेत. 1991 साली मक्याच्या हरितलवकातच दिसलं, की डीएनएत ‘एसीजी’ लिहिलेलं असताना आरएनएत मधलं अक्षर बदलून ‘एयूजी’ होतं, आणि तेव्हाच प्रथिनाची सुरुवात करता येते. मक्यातलं पीपीआर 10 हे प्रथिन आरएनएच्या टोकाला घट्ट बसतं आणि त्याला कुरतडू देत नाही. ते नसलेलं रोप फिकट उगवतं, दाण्यातला साठा संपेपर्यंत जगतं आणि मरतं. धुळे-जळगावच्या शिवारात खरिपात आणि रब्बीत हिरवागार दिसणारा मका अशा अनेक प्रथिनांच्या बारकाईच्या कामावर उभा आहे.

मग दादर संकरित का झाली नाही? दाण्याचा दर्जा, कडबा, खोल जमिनीतला कोरडा हंगाम ही कारणं आहेतच. पण एक कारण थेट या प्रथिनांशी येऊन भिडतं. फुलोऱ्याच्या वेळी रात्री फार गार पडल्या, की अनेक पुनर्स्थापकांचा जोर कमी पडतो आणि संकराच्या कणसात दाणे नीट भरत नाहीत. खानदेशातली थंडी याच दिवसांत पारा 10 अंशांखाली नेते. म्हणून रब्बीचा नर निवडताना पैदासकार फुलोऱ्याआधी संकराच्या कणसाला कागदी पिशवी चढवतात, बाहेरचा पराग रोखतात, आणि काढणीच्या वेळी पिशवी उघडून किती दाणे भरले ते मोजतात. थंडीतही ज्याचं कणीस भरतं, त्याच नराला पुढच्या हंगामात जागा मिळते.