स्टड पोकर : अपुऱ्या हातावर पण वाढवणे

स्टड पोकर या अमेरिकन पत्त्यांच्या खेळात ज्या हातात अद्याप जिंकण्याजोगे काही जुळलेले नाही, परंतु पुढे येणारी पाने अनुकूल पडल्यास जो फ्लश (एकाच रंगाची पाच पाने) किंवा सिक्वेन्स (ओळीने पाच पाने) यांसारख्या प्रबळ हातात परिणत होऊ शकतो, त्याला येथे अपुरा हात म्हटले आहे. असा हात बाळगणाऱ्याने प्रतिपक्षाच्या पणाची केवळ बरोबरी करून पुढचे पान पाहावे, की पण वाढवून इतरांकडूनही अधिक रक्कम वसूल करावी, हा प्रश्न वरवर धाडसाचा वाटतो. वस्तुतः तो हिशेबाचा आहे, आणि त्या हिशेबाची बहुतेक सामग्री मेजावर उघडी पडलेली असते.

प्रस्तुत विवेचन मुख्यत्वे सात पानी स्टडला अनुलक्षून आहे. त्यात प्रत्येकास प्रथम दोन पाने पालथी व एक उघडे मिळते. चौथे, पाचवे व सहावे पान उघडे आणि सातवे पुन्हा पालथे येते. दर टप्प्यावर पण लावण्याची एक फेरी होते, व अखेरीस सातांतून निवडलेल्या उत्तम पाच पानांवर निकाल लागतो. मर्यादित पणाच्या खेळात तिसऱ्या व चौथ्या पानावरचा पण लहान, तर पाचव्यापासून पुढचा त्याच्या दुप्पट असतो. आपल्याकडील तीन पत्तीत वाटप एकदाच होऊन हाताचे बरेवाईट तेथेच ठरून जाते, त्यामुळे त्या खेळावर हात बसलेल्यास अपुऱ्या हाताची किंमत करण्याची सवय नसते. स्टडमध्ये मात्र तीच करावी लागते, आणि दर पानागणिक नव्याने करावी लागते.

पहिली तीन पाने एकाच रंगाची आली असता सातव्या पानापर्यंत फ्लश जुळण्याची शक्यता, इतरांची पाने हिशेबात न धरता, सुमारे १८ टक्के असते. परंतु इतरांची पाने हिशेबात न धरणे ही चैन स्टडच्या खेळाडूस परवडणारी नाही. आठ जणांच्या मेजावर आपल्या हाती इस्पिकचा एक्का, दश्शी व सत्ती आहे असे समजू. उरलेल्या सात जणांच्या दर्शनी पानांत एकही इस्पिक नसेल, तर न दिसलेल्या ४२ पानांत दहा इस्पिक शिल्लक राहतात व फ्लशची शक्यता जवळजवळ २४ टक्क्यांवर जाते. त्या सातांत तीन इस्पिक दिसत असतील, तर ती १२ टक्क्यांच्या आसपास येते. हात तोच, पाने तीच, परंतु त्याचे मोल जवळजवळ निम्म्यावर आले. यास्तव वाटप होताच प्रथम मेजभर नजर फिरवून प्रत्येक रंगाची किती पाने बाहेर पडली हे टिपून ठेवावे. कारण हात सोडणाऱ्यांची पाने लगेच पालथी होऊन डावाबाहेर जातात, आणि पाचव्या पानावर त्यांचा दाखला केवळ स्मरणातच उरतो. हे स्मरण ज्याच्यापाशी नाही, त्याने अपुऱ्या हातावर पण वाढवण्याच्या भानगडीत पडू नये, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे.

तिसऱ्या पानावर वाढ करण्याचे प्रसंग थोडे. तिन्ही पाने मोठी असून त्यांचा रंग मेजावर फारसा दिसत नसेल, किंवा उघड्या एक्क्याच्या दराऱ्याने सुरुवातीची जमा रक्कमच उचलता येण्यासारखी असेल, तर वाढ योग्य ठरते. एरव्ही स्वस्तात चौथे पान पाहणे श्रेयस्कर.

खरा निर्णय चौथ्या पानावर होतो. चारही पाने एकाच रंगाची झाली की, उरलेली नऊ पाने न दिसलेल्या ४८ पानांत आहेत असे धरल्यास, तीन पानांत फ्लश पुरा होण्याची शक्यता ४७ टक्के असते. डावात आपल्याखेरीज तिघे टिकून असतील, तर या फेरीत जमणाऱ्या प्रत्येक रुपयात आपला वाटा चार आण्यांचा, आणि त्या रुपयावर आपला हक्क मात्र जवळजवळ आठ आण्यांचा. जुळलेला फ्लशही कधी फुल हाउसपुढे (एका जातीची तीन पाने व दुसऱ्या जातीची जोडी), कधी अधिक मोठ्या फ्लशपुढे पडतो, त्याची वजावट केली तरी शिल्लक मोठी राहते. अशा वेळी वाढ न करणे म्हणजे येणे रक्कम सोडून देणे होय. येथे उद्देश कोणास घाबरवण्याचा नाही. उलट सर्वांनी डावात राहावे हीच इच्छा असते, आणि म्हणूनच आपल्या हातापेक्षा आपली बैठक अधिक महत्त्वाची ठरते.

स्टडमध्ये चौथ्या पानापासून ज्याची उघडी पाने सर्वांत मोठी, तो प्रथम बोलतो व खेळ डावीकडे सरकत जातो. राजा दाखवून पण लावणारा आपल्या लगत डावीकडे बसला असेल, तर बाकीचे दोघे त्याची बरोबरी करून चुकल्यावर आपली पाळी सर्वांत शेवटी येते. त्या वेळी आपण केलेली वाढ त्यांना अशा स्थितीत गाठते की, एक पण आधीच गुंतला असल्याने आणखी एकासाठी ते सहसा हात सोडत नाहीत. तोच मनुष्य लगत उजवीकडे असेल, तर आपली वाढ मागच्या दोघांपुढे एकदम दुप्पट रक्कम ठेवते, ते निघून जातात, आणि ज्यांच्या पैशांवर आपला फ्लश पोसायचा तेच नाहीसे होतात. तेव्हा डावीकडच्या पणावर वाढ करावी, उजवीकडच्यावर बरोबरी. पहिल्या स्थितीत आणखीही एक लाभ आहे : लहान पणाच्या फेरीत दाखवलेला जोर पाहून प्रतिपक्ष पाचव्या पानावर पण न लावता गप्प राहिला, तर दुप्पट पणाच्या फेरीतले एक पान आपणास फुकट पाहता येते.

समोर एकच प्रतिपक्षी उरला असता हे गणित बदलते. त्याच्या रुपयास आपलाही रुपया लागतो, म्हणजे निम्म्याहून अधिक हक्क असल्याखेरीज वाढीत फायदा नाही, आणि नुसत्या फ्लशच्या आशेवर तितका हक्क पोहोचत नाही. मात्र आपल्या चार पानांत त्याच्या जोडीहून मोठी, अद्याप मेजावर न दिसलेली दोन पाने असतील, तर त्यांची जोडी जुळण्याची आशा मिळून तराजू बरोबरीवर येतो, पुष्कळदा आपल्याकडे झुकतोही. शिवाय त्याने हात सोडण्याचा संभव थोडा जरी असला, तरी तो आपल्या खाती जमा धरावा लागतो. डेव्हिड स्क्लान्स्की यांनी अशा चालीस ‘सेमी-ब्लफ’ असे नाव दिले. कोणी बरोबरी केली तर बहुधा आज आपण मागे, पण पुढे निघून जाण्यास वाव असलेले, असे हे पण लावणे आहे. पूर्ण ब्लफला यशाचा एकच मार्ग असतो, याला दोन. अर्थात कधीच हात न सोडणाऱ्या खेळाडूपुढे यातील एक मार्ग बंद असतो, आणि त्याच्यापुढे ही चाल करणे व्यर्थ आहे.

चौथ्या पानावरच प्रतिपक्षाची उघडी जोडी दिसू लागली, तर मात्र हात आखडता घ्यावा. त्याच्या पालथ्या पानांत त्याच जातीचे तिसरे पान असल्यास पुढील तीन पानांत फुल हाउस किंवा त्याहून वरचा हात बनण्याची शक्यता सुमारे ३९ टक्के असते. मग आपला फ्लश जुळणे हेच आपल्या मोठ्या नुकसानीचे कारण होते. लहान पानांचा फ्लश शोधत असताना दुसऱ्यापुढे त्याच रंगाची मोठी पाने उघडी असतील, तर तेथेही हाच सबुरीचा नियम लागू होतो.

पाचव्या पानानंतर उतार तीव्र आहे. दोन पाने बाकी असता एकाच रंगाची चार पाने असलेल्या हाताची फ्लशची शक्यता ३५ टक्क्यांवर येते, म्हणजे दोघा प्रतिपक्षांविरुद्ध जेमतेम बरोबरी, आणि पण तर दुप्पट झालेला. तिघे किंवा अधिक जण असून रंगाची पाने शिल्लक असली तरच वाढीचा विचार करावा. सहाव्या पानावर नऊ पाने ४६ मध्ये, म्हणजे पाचांत एक संधी. तेथे लाभासाठी वाढ जवळजवळ कधीच बसत नाही, साठलेल्या रकमेच्या मानाने बरोबरी करणे मात्र बहुधा रास्त असते.

या विषयाची पद्धतशीर मांडणी गेल्या शतकाच्या शेवटच्या काही दशकांत झाली. डॉयल ब्रन्सन यांच्या ‘सुपर/सिस्टीम’ या ग्रंथातील सात पानी स्टडचे प्रकरण चिप रीझ यांचे आहे. स्क्लान्स्की, मेसन मॅल्मथ व रे झी यांचा प्रगत खेळाडूंसाठीचा ग्रंथ १९८९ मध्ये आला. २००३ नंतर टेक्सस होल्डेम या पोकरच्या दुसऱ्या प्रकाराची लाट आल्यावर स्टडची मेजे विरळ झाली. होल्डेममध्ये मधली पाने सर्वांची सामाईक असतात व हात सोडणाऱ्याची पाने कोणास दिसत नाहीत, त्यामुळे बाहेर पडलेल्या पानांची मोजदाद ही विद्याच तेथे लागत नाही. तिचा अस्त व्हावा हे या खेळाच्या चाहत्यास दुःखद वाटल्यावाचून राहत नाही.

पाच पानी स्टडमध्ये निवडीस जादा पानेच नसल्याने अपुरा हात फारच दुर्बल असतो. १९६५ च्या ‘द सिनसिनाटी किड’ या चित्रपटातील अखेरचा डाव याच प्रकारचा असून, त्यात अपुऱ्या हातावर पैसे लावत गेलेला वृद्ध लॅन्सी हॉवर्ड स्ट्रेट फ्लश पुरा करून तरुण नायकाच्या फुल हाउसवर मात करतो. नाट्य म्हणून तो प्रसंग उत्कृष्ट आहे. परंतु वर दिलेल्या कोणत्याही हिशेबात त्याची चाल बसत नाही.