बंदूकविक्रीचा परवाना आणि न पोहोचलेल्या दहा पेट्या

१/१०
शस्त्र बाळगण्याच्या परवान्याविषयी पुष्कळ लिहिले जाते. शस्त्र विकण्याच्या परवान्याविषयी फारसे नाही. शस्त्रांवरील सरकारी नियंत्रण मात्र विक्रेत्याच्या दुकानातूनच सुरू होते. त्या परवान्याचा भारतातील हा संक्षिप्त इतिहास.

२/१०
१८५७ च्या उठावानंतर कंपनीचे राज्य संपले आणि निःशस्त्रीकरणाचे धोरण कायद्यात उतरले. १८६० च्या एकतिसाव्या कायद्याने शस्त्रांची निर्मिती, आयात व विक्री यांवर निर्बंध घातले.

३/१०
व्हाइसरॉय लिटन यांच्या कारकिर्दीत १८७८ चा शस्त्र कायदा आला. त्याच्या पाचव्या कलमानुसार परवान्यावाचून शस्त्रे व दारूगोळा तयार करणे, विकणे, इतकेच नव्हे तर विक्रीसाठी मांडून ठेवणेही गुन्हा ठरले. परवान्यात जेवढी मुभा असेल, तेवढाच व्यापार करता येई.

४/१०
खासगी मालकाला आपले शस्त्र विकता येई; पण विक्रीची खबर आणि घेणाऱ्याचे नाव-पत्ता त्याला जिल्हा मॅजिस्ट्रेट वा जवळच्या पोलीस ठाण्याला कळवावा लागे. घेणारा कायद्यातून सूट मिळालेला असेल, तर ही अट नव्हती.

५/१०
ही सूट कोणाला होती? नियमांनुसार मुख्यतः युरोपीय व अँग्लो-इंडियन लोकांना. एकाच दुकानात एका गिऱ्हाइकाला परवाना दाखवावा लागे, दुसऱ्याला लागत नसे. १८८७ च्या मद्रास अधिवेशनात काँग्रेसने या कायद्यात बदल मागितला, त्यामागे ही सल होती. वंशाधारित सूट पहिल्या महायुद्धानंतर संपुष्टात आली.

६/१०
विक्रेत्यावर आणखी एक जबाबदारी होती. घेणाऱ्यास अधिकार आहे की नाही याची खात्री न करता शस्त्र हवाली केल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद वा पाचशे रुपयांपर्यंत दंड होऊ शके. म्हणजे परवानाधारक व्यापारी हा एका अर्थी सरकारचा पहारेकरीच होता.

७/१०
या पहाऱ्याची कसोटी कलकत्त्यात लागली. २६ ऑगस्ट १९१४ रोजी रॉडा आणि कंपनी या शस्त्रविक्रेत्या पेढीचा कारकून श्रीशचंद्र मित्र याने जकात कार्यालयातून २०२ पेट्या सोडवल्या. व्हॅन्सिटार्ट रो येथील गोदामात १९२ च पोहोचल्या. उरलेल्या आणतो, असे सांगून तो गेला, तो परतलाच नाही. गायब झालेल्या पेट्यांच्या बैलगाडीवर गाडीवानाच्या वेषात क्रांतिकारक हरिदास दत्त होते.

८/१०
त्या दहा पेट्यांत ५० माउझर पिस्तुले आणि ४६,००० काडतुसे होती. १९१८ च्या रौलट समितीच्या अहवालानुसार ४४ पिस्तुले जवळजवळ लगेच नऊ क्रांतिकारी गटांत वाटली गेली आणि पुढे ५४ प्रकरणांत वापरली गेली. पेढीची आयात कायदेशीर होती आणि प्रत्येक पिस्तुलाच्या क्रमांकाची नोंदही तिच्याकडे होती. या नोंदीमुळे हाती लागलेले पिस्तूल कोठले, हे पुढे ओळखता येई. पण चोरी नोंदीने रोखली नाही. परवान्याची छाननी मालकापाशी थांबली होती आणि माल कारकुनाच्या हाती होता.

९/१०
१९३१ च्या कराची ठरावात काँग्रेसने नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा नागरिकांचा हक्क मान्य केला होता; राज्यघटनेच्या मूलभूत हक्कांत मात्र तो आला नाही. १९५९ चा शस्त्र कायदा १ ऑक्टोबर १९६२ पासून लागू झाला. विक्रीचा परवाना कायम राहिला. अर्जावर पोलिसांचा अहवाल मागवला जातो, नकाराची कारणे लेखी नोंदवावी लागतात आणि अर्जदाराला अपिलाची वाट मिळते. शिक्षा झालेल्या, विकल मनाच्या वा अल्पवयीन व्यक्तीला बंदूक विकण्यास कायद्याने मनाई आहे. त्यासाठी वयाची अट आज २१ वर्षे आहे.

१०/१०
शस्त्र बाळगण्याचा हक्क संपलेल्या व्यक्तीला ते पोलीस ठाण्यात किंवा, विहित अटींवर, परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करता येते. म्हणजे विक्रेत्याकडे पहाऱ्याचे काम आजही आहे. १८७८ चा कायदा परक्या सत्तेने प्रजेवरील अविश्वासातून केला होता, आजचा कायदा लोकनियुक्त संसदेचा आहे. पण माल कोणाकोणाच्या हातांतून जातो, हा रॉडा प्रकरणाने उभा केलेला प्रश्न दोन्ही काळांत तोच राहिला आहे.