स्वस्त बोर्डाचं कूळ

१९८३ साली वसंतदादा पाटलांच्या सरकारनं विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना वाट मोकळी करून दिली आणि नगर जिल्ह्यात लोणीला प्रवरा, संगमनेरला अमृतवाहिनी ही कॉलेजं उभी राहिली. त्याच वर्षी जिल्ह्याच्या वेशीपलीकडे, शिरूर तालुक्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी विज्ञान आश्रम काढला. हिंदुस्थान लिव्हरमधली संशोधनाची नोकरी सोडून आलेला हा माणूस. मुलं हातानं काम करतच शिकतात यावर त्याचा पक्का विश्वास. आज शाळकरी पोरांच्या हातात काहीशे रुपयांचं जे निळं इलेक्ट्रॉनिक बोर्ड दिसतं, त्याचं आपल्या भागातलं कूळ शोधायचं तर या दोन्ही घरी डोकवावं लागतं.

कॉलेजांच्या लॅबमध्ये तेव्हा ८०८५ या मायक्रोप्रोसेसरचं ट्रेनर किट असायचं. पुढं ८०३१ हा मायक्रोकंट्रोलर आला. या चिपच्या पोटात प्रोग्रॅम ठेवायला जागाच नव्हती. तो शेजारच्या ईप्रॉम या मेमरी चिपमध्ये असे, आणि ईप्रॉमच्या पाठीवर काचेची छोटी खिडकी. एक चूक झाली की चिप उपटायची, अतिनील दिव्याखाली पंधरा-वीस मिनिटं ठेवून जुनं पुसायचं, वेगळ्या यंत्रावर नवीन भरायचं, पाय न वाकवता परत बसवायची आणि उजेड शिरू नये म्हणून खिडकीवर स्टिकर लावायचा. हा सगळा खटाटोप दिवा एकदा लुकलुकावा म्हणून! चिप तशी महाग नव्हती. महाग होतं ते तिच्यात प्रोग्रॅम घालणं. शेवटच्या वर्षाचं प्रोजेक्ट पुण्याच्या बाजारातून तयार आणण्याची जी प्रथा पडली, तिचा सगळा दोष पोरांच्या आळसावर टाकणं मला पटत नाही.

नव्वदच्या दशकात ॲटमेलच्या फ्लॅश मेमरीनं खिडकी आणि दिवा हद्दपार केला. प्रोग्रॅम विजेनं पुसता येऊ लागला, पण तो भरणारं यंत्र वेगळं ते वेगळंच राहिलं.

पुढची गाठ इटलीत सुटली. इव्रिया हे ऑलिव्हेट्टी टाइपरायटरचं गाव. तिथल्या डिझाइनच्या संस्थेत एर्नांदो बारागान या विद्यार्थ्यानं २००३ मध्ये वायरिंग नावाचं बोर्ड प्रबंधासाठी केलं. त्याच वाटेनं २००५ मध्ये मासिमो बांझी आणि मंडळींनी आर्दुइनो काढलं; नाव गावातल्या बारचं, आणि बारला ते अकराव्या शतकातल्या राजाचं. (बारागानचं नाव मात्र या गोष्टीत बरीच वर्षं मागं राहिलं, आणि ते बरं झालं नाही.) चिपमध्ये बूटलोडर नावाचा इवलासा प्रोग्रॅम आधीच बसवलेला; तो पुढचा प्रोग्रॅम केबलमधून स्वतःच आत घेतो. वेगळं यंत्र गेलं. संस्था बंद पडायच्या बेतात होती, आपलं काम तिच्याबरोबर बुडू नये म्हणून मंडळींनी नकाशे सगळ्यांना खुले केले. नाव राखीव, नकाशा मोकळा. त्यामुळंच चिनी कारखान्यांना यूएसबीसाठी सीएच३४० ही स्वस्त चिप लावून तसंच बोर्ड उघडपणे विकता आलं. आपल्या शाळांत येतं ते बहुधा हेच.

पण बूटलोडर तरी चिपमध्ये पहिल्यांदा घालायचा कुणी? तिथं पाबळ येतं. एमआयटीच्या नील गेर्शेनफेल्ड यांच्या फॅब लॅबपैकी, म्हणजे हवी ती वस्तू यंत्रावर घडवायच्या छोट्या कार्यशाळांपैकी, अमेरिकेबाहेरच्या अगदी पहिल्यांत २००२ ची पाबळची. फॅब लॅबमध्ये बोर्ड विकत आणत नाहीत, कोरतात. तांब्याचा पातळ थर दिलेला कागदी-फिनॉलिक पत्रा दुहेरी चिकटपट्टीनं मिलिंग मशिनवर बसवायचा; इंचाच्या चौसष्टाव्या भागाएवढं टोक रेघांच्या कडेचं तांबं खरवडत जातं. तांबं विरघळवणाऱ्या फेरिक क्लोराइडची तपकिरी घाण नाही, मात्र पत्रा जरासा जरी उचलला गेला तरी रेघ एका बाजूला खोल आणि दुसऱ्या बाजूला अर्धवट उतरते, आणि ते नाजूक टोक मोडतं ते वेगळंच.

या लॅबांत नवशिका अनेकदा पहिल्यांदा कोरायचा तो फॅबआयएसपी, म्हणजे प्रोग्रॅम भरणारं यंत्रच. ते रचणारा डेव्हिड मेलिस आर्दुइनोच्या मूळ मंडळींपैकी एक. आर्दुइनो आणि फॅब लॅब या दोन घराण्यांची सोयरीक ती इथं. एटीटायनी४४ चिप, एक क्रिस्टल, थोडे रेझिस्टर-कपॅसिटर, आणि यूएसबीचं सॉकेट. गंमत अशी की नव्या फॅबआयएसपीत प्रोग्रॅम भरायला आधीचा एखादा प्रोग्रॅमर लागतोच, आणि तो दुसरा फॅबआयएसपीही चालतो. शेजारणीकडून विरजण आणावं तसं शेजारच्या टेबलावरून तो आणायचा, आपल्यात प्रोग्रॅम उतरवून घ्यायचा, मग ठरलेला जंपर सोल्डरिंग आयर्ननं काढून टाकायचा. जंपर निघाला की ते यंत्र दुसऱ्याला द्यायला मोकळं. पाबळला फॅब अकॅडमीचा अभ्यासक्रम चालतो, तिथं या जातीचे प्रोग्रॅमर मुलांनी स्वतः कोरले आहेत.

२०१६ पासून शाळांत अटल टिंकरिंग लॅब आल्या, वीस लाखांपर्यंतचं अनुदान आलं. बोर्ड खोक्यातून तयार निघू लागलं. खोक्यातल्या बोर्डाचा नकाशा खुला आहे हे किती शाळांत सांगितलं जातं, याची मला शंका आहे. सांगितलं तर जळलेलं बोर्ड कपाटात न जाता दुरुस्तीला तरी बसेल.

दरम्यान फॅबआयएसपीचं काम कमी होत चाललं आहे. ईएसपी३२ किंवा आरपी२०४० या चिप कारखान्यातूनच बूटलोडर पोटात घेऊन येतात, आणि तो पुसताही येत नाही. कोऱ्या बोर्डावर चिप डकवली, केबल जोडली की थेट प्रोग्रॅम घालता येतो.